पट्टीवरचा झिजलेला शब्द

खंडेनवमीला आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या जुन्या घरांत अजूनही हत्यारे मांडली जातात. तलवारी-भाले नव्हेत, व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानशी, रिंचपाने, एखादा जुना हँड ड्रिल. इथल्या दोन-तीन पिढ्यांनी संरक्षण खात्याच्या कारखान्यांत घाम गाळला, त्यामुळे पाटावर काय ठेवायचे हा प्रश्न कुणाला कधी पडला नाही. आमच्या शेजारच्या काकांच्या पाटावर मात्र या सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, एक दुनळी बंदूक उभी असे. रीतसर परवान्याची. वर्षातून एकदा कपाटातून निघायची, तिला गंध-फूल वाहिले जायचे, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलपात.

२०११ च्या खंडेनवमीला काकूंनी लावलेले ओले कुंकू दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ओघळले. काकांनी ते फडक्याने पुसले तेव्हा वरचे गेले आणि खाचांतले राहिले. काळपट लोखंडावर तांबडी अक्षरे उमटली. मी चष्मा वर करून वाकलो. रोमन लिपीत सुरुवातीला ‘मॅन्युफॅक्चर’ हा शब्द, मग बोटभर जागा गुळगुळीत, मग फ्रेंचमधला ‘दार्म’ म्हणजे ‘शस्त्रांचा’, पुन्हा थोडे गुळगुळीत, आणि शेवटी सेंत-एतिएन हे गावाचे नाव.

त्या दोन गुळगुळीत जागांनी पुढे माझी चांगलीच फजिती केली. हा लेख त्या फजितीचा आहे आणि ती निस्तरताना जे हाती लागले त्याचाही आहे.

माझे संशोधन म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, १९५३ साली इथे उभ्या राहिलेल्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत टूलरूमला होते. काकाही तिथलेच. लहानपणी दादांनी घरी आणलेल्या एका बाद झालेल्या गेजवर मला एक बारीक गोल ठसा दिसला होता. हा कुणी मारला, असे विचारल्यावर ते म्हणाले, तपासनिसाने. मग म्हणजे त्यानेच हे बनवले का? दादा हसले. बनवणारा वेगळा, मोजणारा वेगळा. मोजणाऱ्याचा पंच एवढेच सांगतो की अमुक दिवशी हे माप बरोबर होते. कुणी केले, कशासाठी केले, चांगले दिसते का, यातले काही तो सांगत नाही. धातूवरचे ठसे वाचण्याची खोड मला तिथून लागली. भांडी, वजने, घंटा, शिवणयंत्रे, जुन्या लेथच्या पाट्या असे काहीही चालते. पण दादांचे ते वाक्य ऐनवेळी आठवले नाही.

काकांच्या घरी बंदुकीची एक कथा होती. त्यांचे मूळ गाव मुरबाड तालुक्यात. पूर्वज कुणी महादजी शिंद्यांच्या फौजेत होते. ‘डिबॉयन साहेबा’ने, म्हणजे दि बॉयनने, खूश होऊन त्यांना ही फ्रेंच बंदूक बक्षीस दिली. काका ही गोष्ट सांगताना बंदुकीकडे बघत नसत, खिडकीबाहेर बघत. मला ती खरी असावीशी वाटली. माझ्या चुकीचे मूळ या वाटण्यात आहे.

सेंत-एतिएन हे फ्रान्समधले शस्त्रांचे गाव, एवढे वाचून माहीत होते. तिथल्या कारखान्याला १७६४ मध्ये ‘रॉयल मॅन्युफॅक्चर’ असा राजाश्रय मिळाला, हेही माहीत होते. मग पहिल्या गुळगुळीत जागेत ‘रॉयल’ हाच शब्द असणार! त्यात बंदूक मधोमध मोडून उघडली की नळ्यांच्या बुडाशी एक इवलासा मुकुट दिसे. मुकुट म्हणजे राजा, राजा म्हणजे राज्यक्रांतीपूर्वीचा काळ, म्हणजे १७८९ च्या आधी. महादजी वारले १७९४ मध्ये, वानवडीला. दि बॉयन त्यांच्या चाकरीत शिरला १७८४ मध्ये. सगळे कसे हातमोजा घातल्यासारखे बसले. अडचण एकच होती: मोडून मागून काडतूस भरायची बंदूक त्या काळात नव्हती. त्यावरही मी तोड काढली. नळ्या जुन्या, मागची यंत्रणा नंतर कुणी तरी बदलली. असे बदल होत असत, हे खरेच आहे. खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन केलेली चूक फार टिकाऊ असते.

२०१२ मध्ये एका स्थानिक स्मरणिकेत मी दोन पानी लेख लिहिला. काकांनी त्याच्या पंधरा झेरॉक्स काढून नातेवाइकांत वाटल्या.

काका २०२२ मध्ये गेले. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर. मुलगा परदेशी, काकू पंचाहत्तरीच्या. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवणे बेकायदा होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. काकूंनी ते लगेच केले. मग कुणी तरी त्यांना सांगितले की पुरातन शस्त्राला परवाना लागत नाही, अर्ज करा. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये तशी सूट आहे खरी. काकूंनी अर्ज लिहवून घेतला आणि पुरावा म्हणून माझ्या लेखाची झेरॉक्स जोडली. अर्ज देण्याआधी माझी सही घ्यायला आल्या. ‘संशोधक’ म्हणून.

माझ्या दोन पानांवर पहिल्यांदाच कुणाचे तरी काही अवलंबून होते. मी म्हटले, काकू, सही करतो, पण एकदा बंदूक पुन्हा नीट बघू द्या.

बंदूक ज्या विक्रेत्याकडे जमा होती, त्या दुकानात त्यांच्यासमोरच ती बघायला मिळाली. त्यांनी पुढचा लाकडी भाग काढला, बंदूक मोडली आणि नळ्या दस्त्यापासून अलग करून कापडावर उलट्या ठेवल्या. काका हयात असताना मी हे करायला सांगितले नव्हते. पूजेतली वस्तू सुटी करायची म्हणजे त्यांना बरे वाटले नसते. नळ्यांच्या बुडाची सपाट बाजू मी त्या दिवशी प्रथमच पूर्ण पाहिली. सगळे लिहिलेले तिथे होते.

पद्धत सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. तारेचा ब्रश लावायचा नाही, पॉलिश पेपर तर नाहीच. मऊ दाढीच्या ब्रशाने किंचित रॉकेल, सुती फडके, मग बॅटरी अगदी आडवी धरायची. समोरून उजेड टाकला तर ठसा बुजतो. कडेने टाकला तर सावलीत उभा राहतो. त्यावर बटर पेपर ठेवून मऊ शिसपेन्सिल फिरवायची. आणि कुंकवाबद्दलही सांगायला हवे: अक्षरे दाखवण्याचे श्रेय त्याचे असले, तरी ओले कुंकू खाचांत साठून गंज धरते. पट्टीची काही झीज या भक्तीनेच केली असणार.

बुडावर पहिला ठसा होता मुकुटाचा, पण तो एकटा नव्हता. मुकुटाखाली झाडाच्या दोन फांद्या एकमेकींना छेदून, आणि सोबत सेंत-एतिएन ही अक्षरे. फांद्या ताडाच्या. एतिएन म्हणजे संत स्टीफन, ख्रिस्ती परंपरेतला पहिला हुतात्मा, आणि ताडाची फांदी हे हुतात्म्याचे चिन्ह. गावाच्या नगरचिन्हातच दोन छेदणाऱ्या फांद्या आणि मुकुट आहेत. थोडक्यात, मी ज्याला बूर्बों राजाचा मुकुट समजलो तो गावाचा होता. फ्रान्समध्ये राजा गेला, सम्राट आले आणि गेले, प्रजासत्ताक स्थिरावले, तरी बंदुकीच्या नळीवर मुकुट उमटतच राहिला. क्रांतीच्या धामधुमीत या गावाचे नावसुद्धा बदलून ‘आर्म-व्हिल’, म्हणजे शस्त्रनगर, केले होते. ते नाव टिकले नाही. संत परत आला.

हा ठसा बनवणाऱ्याचा नाही. तो प्रूफ हाउसचा. अंबरनाथच्या वाचकाला ‘प्रूफ’ समजावून सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. नवी नळी बनली की तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. माणूस आडोशाला. नळी फुगली, तडकली तर बाद. टिकली तर शिक्का. फ्रान्समध्ये १४ डिसेंबर १८१० च्या हुकुमाने खासगी बंदुकांना ही परीक्षा सक्तीची झाली. १४ ऑगस्ट १८८५ च्या कायद्याने शस्त्रांचा धंदा मोकळा केला आणि परीक्षाही ऐच्छिक केली. गंमत अशी की सक्ती गेल्यावरही कारखानदार नळ्या तपासायला पाठवतच राहिले, कारण गिऱ्हाईक शिक्का बघून पैसे देत होते.

दुसरा ठसा मला निर्णायक वाटतो. रोमन पी आणि टी, वर एक मुकुट. पी म्हणजे ‘पूद्र’, दारू. टी ही त्या दारूची जात. फ्रान्समध्ये बंदुकीची दारू बनवण्याचा मक्ता सरकारचा होता आणि तिच्या जातींना अशी अक्षरनावे असत. टी ही धूररहित दारू. धूररहित दारूचा जन्मच १८८४ चा, पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. त्यापूर्वी जगभर काळी दारू, सोरा-गंधक-कोळशाची, बार काढला की धुराचा लोट. नव्या दारूचा दाब वेगळा, म्हणून परीक्षा वेगळी आणि शिक्काही वेगळा. पीटीचा ठसा असलेली नळी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीआधी तपासलेली असूच शकत नाही. ‘नळ्या जुन्या, यंत्रणा नवी’ ही माझी तोड तिथेच निकालात निघाली, कारण हा ठसा नळ्यांवरच होता.

तिसरे आकडे. १७.० हा मिलिमीटरमधला नळीचा आतला व्यास. मापाची मिलिमीटर पद्धत स्वतःच क्रांतीनंतरची, हे २०११ मध्ये नळ्या सोडवल्या असत्या तर शाळकरी पोरालाही सुचले असते. शेजारी १६ आणि ६५. सोळा म्हणजे सोळा बोअर: एक पौंड शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी. आकडा मोठा तशी नळी बारीक, म्हणून बारा बोअर सोळापेक्षा मोठी. पासष्ट म्हणजे काडतुसाच्या खाचेची लांबी, मिलिमीटरमध्ये. हा आकडा नुसता इतिहासाचा नाही. अलीकडची काडतुसे पुष्कळदा सत्तरची असतात. काडतुसाची लांबी मोजतात ती बार झाल्यावर, तोंड उलगडल्यावर. त्यामुळे सत्तरचे काडतूस पासष्टच्या खाचेत आरामात बसते, आणि उडताना मात्र त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडून वाट अरुंद करते. दाब चढतो. काकांच्या मुलाला कॉलेजात असताना एकदा दसऱ्याला ‘एक बार’ काढायची फार हौस आली होती. सोळा बोअरची काडतुसे मिळाली नाहीत म्हणून बेत राहिला. दुकानात उभ्या उभ्या ते आठवून माझ्या अंगावर काटा आला.

आता पट्टी. यावेळी मी व्हर्नियर लावला. उरलेल्या अक्षरांची रुंदी, त्यांमधले अंतर मोजले आणि पहिल्या गुळगुळीत जागेत किती अक्षरे बसतील ते काढले. नऊ. ‘रॉयल’च्या फ्रेंच स्पेलिंगमध्ये सहा. ‘फ्रांसेज’, म्हणजे फ्रेंच, या शब्दात बरोबर नऊ. दुसऱ्या जागेत आडव्या उजेडात सी आणि वाय यांची बुडे दिसली. मी ती विक्रेत्यांना दाखवली, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही एकदम म्हणालो, ‘सायकल?’

सायकलच. ‘फ्रेंच शस्त्र आणि सायकल कारखाना, सेंत-एतिएन.’ हा सरकारी कारखाना नव्हे. एतिएन मिमार आणि पिएर ब्लाशों या दोघांनी १८८५ मध्ये, धंदा मोकळा करणारा कायदा झाला त्याच वर्षी, सुरू केलेली ही खासगी कंपनी. पुढे ती ‘मान्युफ्रांस’ या नावाने ओळखली गेली. शिकारीच्या बंदुका, ‘इरोंदेल’ म्हणजे पाकोळी छापाच्या सायकली, शिवणयंत्रे, मासेमारीचे सामान. जाडजूड सचित्र कॅटलॉग टपालाने घरोघर जायचा आणि मागणीही टपालाने यायची. ‘फ्रेंच शिकारी’ या अर्थाच्या नावाचे त्यांचे मासिकही होते. म्हणजे राजाच्या कारखान्याशी या बंदुकीचे नाते एका गावाचे, एवढेच. एकाच गावात नावाने जवळजवळ सारखे दोन कारखाने, एक फौजेसाठी आणि एक शेतकरी-शिकाऱ्यांसाठी. आणि त्यांतला फरक सांगणारा शब्द नेमका झिजलेला.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. फ्रेंच नाव दिसले म्हणून बंदूक फ्रेंच ठरत नाही. बेल्जममधल्या लिएज गावाने साऱ्या जगाला बंदुका पुरवल्या, त्यांवर गिऱ्हाइकाला आवडेल ते नाव असे. पण लिएजचा शिक्का लपत नाही: लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरे, आणि १८९३ पासून त्यांवर मुकुट. कुणाच्या घरी पॅरिसचे नाव कोरलेली बंदूक असेल, तर आधी नळ्यांखाली हे लंबवर्तुळ आहे का ते पाहावे. आमच्या बंदुकीवर ते नव्हते.

मग दि बॉयन? तो मुळात फ्रेंचसुद्धा नव्हे. शांबेरीचा, आणि शांबेरी तेव्हा साव्हॉयमध्ये, सार्डिनियाच्या राजाच्या मुलखात. त्याने शिंद्यांसाठी ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या तोफा आग्र्याला ओतल्या जात, आणि त्या कारखान्यावरचा सँगस्टर स्कॉटिश होता. हे मी काकूंना सांगितले नाही. त्यांना सांगायचे ते वेगळे होते.

सांगायला गेलो तर त्यांनी एक पत्र्याची पेटी पुढे ठेवली. आत काकांच्या आजोबांपासूनचे परवाने, कडा उंदरांनी खाल्लेले. आजोबांकडे पिकाच्या राखणीचा परवाना होता; रानडुकरे तिकडे आजही शेत उकरतात. १८७८ च्या शस्त्र कायद्याखालचे ते कागद, नूतनीकरणाच्या सह्या. शस्त्राच्या रकान्यात १९२६ पासून काही वर्षे एकच नोंद: ‘एस.बी.एम.एल.’ म्हणजे एकनळी, तोंडाकडून भरायची. आपली ठासणीची बंदूक. आणि १९३४ च्या कागदावर ती खोडून ‘डी.बी.बी.एल., १६ बोअर’. दुनळी, मागून भरायची.

घरात आधी दुसरी बंदूक होती. एकनळी, ठासणीची, जुनी. ती १९३४ च्या सुमारास गेली आणि ही आली. खुंटी तीच, पाट तोच, पूजा तीच. गोष्टीने फक्त बंदूक बदलली. काका जन्मले तेव्हा भिंतीला टेकलेली होती ती दुनळी; वडिलांनी सांगितलेली कथा त्यांनी समोर दिसणाऱ्या वस्तूला लावली. त्यात खोटेपणा कुणाचाच नाही. माझा उतावीळपणा मात्र होता.

आमच्याच गावात अशी एक थोर चूक झालेली आहे, आणि मी तिचा थोडा आधार घेतो. पूर्वेच्या शिवमंदिरातल्या शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजींनी ७८२ वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचे दाखवले. म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी तरुण झाले. भाऊ दाजींच्या पंक्तीला बसण्याची माझी पात्रता नाही. पण झिजलेल्या जागेत काय भरायचे हा मोह त्यांनाही चुकला नाही, एवढे म्हणायची मुभा असावी.

कलम ४५ पुन्हा काळजीपूर्वक वाचले. सूट नुसत्या जुनेपणाला नाही. शस्त्र कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त तर हवेच, शिवाय दुरुस्ती करून किंवा न करता, कसेही वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. ही बंदूक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, धूररहित दारूला तपासलेली, चाप-घोडे शाबूत. मी सही केली नाही. अर्जातून माझा लेख काढायला सांगितला आणि त्याऐवजी एका पानाचे पत्र लिहून दिले: २०१२ चे माझे वाचन चुकीचे होते, बरोबर वाचन असे, कारणे अशी. बटर पेपरचे ठसे जोडले. स्मरणिकेच्या संपादकांनाही तेच पाठवले. नातेवाइकांकडच्या पंधरा झेरॉक्सचे काय करणार?

काकूंनी अर्ज दिलाच नाही. बंदूक अजून जमा आहे. मुलगा आला की परवाना त्याच्या नावावर घ्यायचा की कायमची सोडून द्यायची, ते ठरेल.

पत्र वाचून दाखवले त्या संध्याकाळी त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ते फ्रेंच काय लिहिलंय ते मराठीत लिहून दे रे.” मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्यांनी ते बोट ठेवून वाचले. ‘सायकल’पाशी थांबल्या. काका बत्तीस वर्षे सायकलवरून कारखान्यात गेले होते; पहिल्या भोंग्याला टांग मारायचे. ती सायकल अजून जिन्याखाली आहे, चाकांत हवा नसलेली.

“म्हणजे सायकलवाल्यांचीच की ही,” काकू म्हणाल्या, आणि कागद घडी घालून परवान्यांच्या पेटीत ठेवला. त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटामागे भिंतीला टेकून ती सायकल उभी होती. हँडलला झेंडूची माळ होती, आणि कुंकू फक्त घंटीवर, कोरडे.